७२ तास म्हणजे तीन दिवस नव्हेत

डोंबिवली पूर्वेला आमचं तिकिटांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या. गिऱ्हाईकही ठरलेलं: मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आई-बाबा आणि आखातात नोकरीला जाणारी पोरं. एरवी आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न ‘किती पडेल?’ असतो. कोरोनाच्या साथीत, २०२१ मध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला, तो बदलून ‘काय काय लागेल?’ असा झाला होता, आणि त्याचं सकाळी दिलेलं उत्तर संध्याकाळी खरं असेलच याची खात्री मला देता येत नव्हती.

परवा एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, तेव्हा नेमकं इतकं अवघड काय होतं? टेस्ट करायची आणि जायचं.’ तो तेव्हा अकरावीत होता, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. त्याला तोंडी जेवढं सांगता आलं त्याहून बरंच सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहितेय.

टेस्ट अवघड नव्हतीच. नाकात काडी घालायला दहा सेकंद लागतात. अवघड होतं ते घड्याळ, कारण प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळ्या क्षणाला सुरू व्हायचं. भारतात येताना निगेटिव्ह आरटी-पीसीआर ७२ तासांच्या आतला लागायचा. दुबईला ४८ तास, तेही स्वॅब घेतल्यापासून. रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. इंग्लंडने प्रवासाआधीची टेस्ट मागितली तेव्हा तासांऐवजी दिवस मोजले. अमेरिकेनेही दिवसच मोजले, पण कॅलेंडरवरचे. आपल्या लोकांना तासांचा हिशोब करायची सवय नाही. शुक्रवारचं विमान असलं की मंगळवारी टेस्ट करून मोकळे. ‘तीन दिवस झाले की हो, बुध, गुरू, शुक्र!’ मंगळवारी सकाळी दहाला दिलेला स्वॅब शुक्रवारी सकाळी दहालाच ‘शिळा’ होतो आणि विमान दुपारी चारला आहे, हे मी एका पॅडवर रेघा मारून दाखवायचे. पुढे पुढे मी तारीख विचारणंच सोडलं. ‘विमान किती वाजता सुटतं?’ इथूनच सुरुवात करायची.

अमेरिकेचं प्रकरण सगळ्यात मजेशीर, म्हणून ते नीट सांगते. ८ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेने आपल्यावरची मे महिन्यापासूनची बंदी उठवली आणि त्याऐवजी लशीची अट घातली. कोविशील्डही चालणार होती, कोव्हॅक्सिनही. त्या आठवड्यात आमच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. दीड-दोन वर्षं नातवंडांना फक्त फोनच्या पडद्यावर बघितलेली माणसं होती ती. तोपर्यंत लस घेतलेल्यांना टेस्टसाठी तीन दिवसांची मुभा होती. मग ओमायक्रॉन आला आणि ६ डिसेंबरपासून तीन दिवसांचा एक दिवस झाला.

आता हा एक दिवस म्हणजे २४ तास नव्हेत. विमान सुटण्याच्या तारखेच्या आदल्या तारखेला, रात्री बारापासून पुढे कधीही केलेली टेस्ट चालेल, असा त्याचा अर्थ. कागदावर सोपं वाटतं. पण मुंबईहून अमेरिकेला जाणारी माणसं निघतात कधी? मध्यरात्री. समजा तुमचं विमान गुरुवारी रात्री साडेअकराला आहे. मग बुधवारचा अख्खा दिवस तुमचा. बुधवारी पहाटे केलेली टेस्टसुद्धा चालते, म्हणजे जवळजवळ दोन दिवस मिळाले. तेच विमान दोन तासांनी, दीड वाजता सुटणारं असेल, तर तारीख शुक्रवारची होते आणि बुधवार गेला. बुधवारी रात्री दहाला दिलेला स्वॅबही बाद, जरी मध्ये साडेसत्तावीसच तास असले तरी. घरातून निघायची रात्र तीच, शेजारच्या फ्लॅटमधल्यांच्या आणि तुमच्या विमानात दोन तासांचं अंतर, आणि एकाला दोन दिवस तर दुसऱ्याला एक.

हे मी एका काकांना समजावत होते. रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले, हिशोबाला पक्के. डिसेंबरातला दुसरा आठवडा, मुलगी न्यू जर्सीला. काकांनी आम्हाला न विचारता बुधवारी संध्याकाळी घरी स्वॅब घ्यायला लॅबचा मुलगा बोलावून ठेवला होता. विमान शुक्रवारी पहाटे पावणेदोनचं.

‘काका, बुधवार नको. गुरुवारी सकाळी करा.’

‘गुरुवारी सकाळी केली तर रिपोर्ट कधी येणार? लॅबवाला चोवीस तास म्हणतो. आणि आम्ही घरातून रात्री आठला निघणार. तुझं गणित मला पटतंय, पण त्याचं उत्तर शून्य येतंय.’

उत्तर खरंच शून्य येत होतं. बुधवारी केली तर लवकर, गुरुवारी केली तर रिपोर्ट उशिरा. मार्ग एवढाच होता की अमेरिकेला आरटी-पीसीआरच हवी असं नव्हतं, रॅपिड अँटिजेनही चालत होती. पण हे सांगितल्यावर काकू घाबरल्या. टीव्हीवर सतत ऐकलेलं, की अँटिजेन भरवशाची नाही, आरटी-पीसीआर खरी. ‘आणि तिकडे उतरल्यावर म्हणाले ही कसली टेस्ट, तर?’ त्यांना मी सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं पान उघडून दाखवलं, त्यातल्या ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं, त्याची प्रिंट काढून दिली. घरी स्वतः केलेली किट मात्र नको, लॅबचाच रिपोर्ट हवा, हेही सांगितलं. गुरुवारी दुपारी दोघांनी लॅबमध्ये जाऊन अँटिजेन केली आणि तासाभरात कागद हातात आले. काकांनी बुधवारचं बुकिंगही रद्द केलं नव्हतं. ‘असू दे, दोन कागद असलेले बरे.’ त्या मंडळींना कागदाचा आधार फार.

दराच्या बाबतीत मात्र आपलं सरकार मेहेरबान होतं. त्याच ६ डिसेंबरला राज्याने आरटी-पीसीआरचे दर आणखी उतरवले. लॅबवर जाऊन दिली तर ३५० रुपये, घरी बोलावलं तर ७००. साथीच्या सुरुवातीला हाच दर साडेचार हजार होता. पण विमानतळावरच्या रॅपिड पीसीआरला हा दर लागू नव्हता. ते पुढे येईलच.

आधी लॅब. आमच्या गल्लीच्या टोकाला एक संकलन केंद्र होतं आणि तिथल्या टेबलावर एक मुलगा बसायचा, विशीतला, सदैव दोन मास्क लावलेला. त्या काळात कोण विमानात बसणार हे निम्मं त्याच्या टायपिंगवर ठरत होतं. पासपोर्टवर नाव असतं ते आधी आडनाव, मग स्वतःचं आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं. आधारवर वेगळ्या क्रमाने. रिपोर्टवर मुलगा टाकणार फक्त नाव-आडनाव, कारण रोजच्या पेशंटला तेवढंच पुरतं. जन्मतारखेच्या जागी वय, ‘६७ वर्षे / स्त्री’. पासपोर्ट नंबरासाठी तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नव्हता. सुरुवातीला तो ते हाताने लिहून शिक्का मारून द्यायचा. पण हाताने लिहिलेलं विमानतळाच्या काउंटरवर चालेना. शेवटी त्यानेच युक्ती काढली. ‘रेफर्ड बाय’ म्हणजे कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, तो रकाना रिकामाच असायचा. त्यात तो पासपोर्ट नंबर टाकू लागला. आमच्या कितीतरी काकूंना त्यांच्याच पासपोर्टने टेस्टला पाठवल्याची नोंद अजून त्या लॅबच्या कॉम्प्युटरात असेल.

मे २०२१ पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. बाहेरदेशी जाणाऱ्यांचा रिपोर्ट क्यूआर कोडशिवाय विमान कंपन्यांनी स्वीकारायचा नाही, असा आदेश आला. बनावट रिपोर्टांचा सुळसुळाट झाला होता, त्यामुळे ते बरोबरच होतं. पण कोड असणं आणि तो उघडणं यात फरक. आमच्याकडे नियम केला: रिपोर्ट आला की दुसऱ्या फोनवरून कोड स्कॅन करायचा, मूळ रिपोर्टच उघडतोय ना ते बघायचं. मग त्यावरच्या तीन वेळा वाचायच्या: नमुना कधी घेतला, लॅबमध्ये कधी पोचला, रिपोर्ट कधी निघाला. घरी येऊन स्वॅब घेणारा मुलगा आठ घरं फिरून लॅबमध्ये पोचला की सगळ्यांची ‘नमुना घेतल्याची वेळ’ एकच पडायची, संध्याकाळची साडेसहा. दुबईवाल्यांना ते फायद्याचं, कारण घड्याळ उशिरा सुरू झालं. तरी मी ते करू द्यायचे नाही. कोणी विचारलं तर खोटं कोणी बोलायचं?

आता मला जे खरं सांगायचंय ते. लोकांना वाटायचं, आपली परीक्षा तिकडे उतरल्यावर आहे, हीथ्रोला, नेवार्कला, दुबईला. सगळी भीती तिकडच्या गोऱ्या अधिकाऱ्याची. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांत सीमा मुंबईच्या सहार विमानतळावर, टी-२ टर्मिनलला, चेक-इनच्या काउंटरवर आली होती. कागद अपुरे असलेला प्रवासी विमान कंपनीने नेला तर त्याला परत आणायचा खर्च कंपनीचा, वर दंड. त्यामुळे काउंटरवरची मुलगी कुठल्याही इमिग्रेशन ऑफिसरपेक्षा कडक. ती दूतावासाची वेबसाइट बघत नाही, सीडीसीचं पानही बघत नाही. तिच्यासमोर टायमॅटिक असतं, सगळ्या देशांचे प्रवेशाचे नियम एका जागी देणारी आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची यादी. देश नियम बदलतो, टायमॅटिक बदलतं, तिची शिफ्ट सुरू होताना तिला ब्रीफिंग मिळतं, आणि या तिन्हींमध्ये काही तासांचा फरक राहू शकतो. त्या फरकात जो सापडला तो ऑफलोड, म्हणजे त्याला विमानात घेतलंच नाही. आमच्या धंद्यात हा शब्द कोणी मोठ्याने बोलत नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकांना नियमाच्या पानाची प्रिंट द्यायचे, वर तारीख दिसेल अशी. भांडण करण्यासाठी नाही. सुपरवायझरला बोलवायला सांगण्यासाठी. सुपरवायझर आला की पाच मिनिटं वाचतो, आणि वाचलं की बहुतेक वेळा सुटतं.

इंग्लंडच्या बाबतीत मात्र प्रिंटने काही होण्यासारखं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी भारताला लाल यादीत टाकलं, म्हणजे उतरल्यावर स्वतःच्या खर्चाने हॉटेलात दहा दिवस, माणशी १,७५० पौंड. ऑगस्टमध्ये लाल यादीतून काढलं. मग सप्टेंबरात नवे नियम जाहीर झाले आणि त्यांत भारतात लस घेतलेले लोक लस न घेतलेले धरले गेले. कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्डचीच लस, पुण्यात सीरमने बनवलेली. आधी त्यांनी लशीचं नाव यादीत नव्हतं ते घातलं. मग म्हणाले, लस ठीक आहे, सर्टिफिकेटचं काय? कोविनच्या सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख नव्हती. पासपोर्ट जोडलेल्या सर्टिफिकेटवर ती घालायची सोय झाली. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस विलगीकरण लावलं आणि आठवड्यात प्रकरण मिटलं, ११ ऑक्टोबरपासून कोविशील्डवाले सुटले. आमच्याकडे एक जोडपं होतं, मुलीचं बाळंतपण तोंडावर. त्यांनी ९ तारखेचं तिकीट १२ वर न्यायचं की नाही यावर दोन दिवस घरात वाद घातला. मी सांगितलं, न्या. डेट चेंजचे पैसे गेले, पण दहा दिवस नातवाच्या घरात वेगळ्या खोलीत बसून दाराच्या फटीतून बघण्यापेक्षा ते परवडले.

कॅनडा म्हणजे तर कहरच होता. तिथली थेट विमानं एप्रिलमध्ये थांबली ती सप्टेंबरअखेर सुरू झाली. मधल्या काळात कॅनडाला जायचं तर भारतातली टेस्ट चालतच नव्हती. वाटेत तिसऱ्या देशात उतरायचं, तिथे टेस्ट करायची, तिथून पुढे. विद्यार्थी दोहा, मालदीव, सर्बिया, मेक्सिको असे फिरत गेले. ज्याने आयुष्यात विमान पाहिलं नाही असा अंबरनाथचा पोरगा बेलग्रेडला लॅब शोधतोय, आणि त्याचे वडील माझ्यासमोर बसून त्याच्याशी फोनवर बोलतायत. थेट विमानं सुरू झाली तीही दिल्लीहून, आणि टेस्ट दिल्ली विमानतळावरच्या एका ठरवून दिलेल्या लॅबचीच, सुटण्याच्या १८ तासांच्या आतली. मुंबईतली कितीही चांगली लॅब असो, उपयोग शून्य.

माझा स्वतःचा प्रवास दुबईचा. मामेभाऊ तिकडे असतो, त्याला मुलगी झाली होती, आणि मामीला एकटीला पाठवायचं कुणाच्या मनात येईना. मामीचं वय अडुसष्ट, मिरजेची. जन्मात कधी विमानात बसलेली नाही. ती आठवडाभर आधीच डोंबिवलीत येऊन राहिली, कारण मिरजेहून निघून ४८ तासांत सगळं बसवणं मला धोक्याचं वाटत होतं. डिसेंबर उतरणीला लागला होता. महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण ४ तारखेला आमच्याच कल्याण-डोंबिवलीत सापडला होता, त्यामुळे काउंटरवर पत्ता सांगितला की माणूस एकदा मान वर करून बघायचा.

त्या महिन्याची सुरुवातच अशी होती की काय सांगावं. ३० नोव्हेंबरला राज्याने आदेश काढला, धोक्याच्या देशांतून येणाऱ्या सगळ्यांना सात दिवस सक्तीचं संस्थात्मक विलगीकरण, दुसऱ्या-चौथ्या-सातव्या दिवशी टेस्ट. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या आरोग्य सचिवांचं पत्र आलं, की हे आमच्या नियमांशी जुळत नाही, बदला. तिसऱ्या दिवशी सक्ती दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झिंबाब्वे एवढ्यांपुरती उरली. त्या तीन दिवसांत लंडनहून, फ्रँकफर्टहून परतीला निघालेले आमचे लोक होते. मी रात्री एकला सांगितलेलं सकाळी नऊला फिरवत होते. एका बाईंनी विचारलं, ‘अहो, तुमचं नक्की एक काय ते सांगा ना.’ मी सरकार नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

तर दुबई. एक टेस्ट ४८ तासांच्या आतली, ती घरी झाली. दुसरी, रॅपिड पीसीआर, विमानतळावरच, सुटण्याच्या सहा तासांच्या आत. लस घेतलेली असो, आदल्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट असो, ही चुकत नाही. मुंबईत तिचा दर आधी साडेचार हजार होता, त्या डिसेंबरात ३,९०० झाला होता. डोंबिवलीत ३५०, सहारला ३,९००. मामीने पावती हातात घेतली, उलटी केली, मागे काही लिहिलंय का बघितलं आणि म्हणाली, ‘यात चहा तरी देतात का?’

मग बसायचं. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक आड एक फुली मारलेली. प्रत्येकाच्या हातात फोन, मेसेज आला का बघत. कोणी कोणाशी बोलत नाही, खोकला आला तर माणूस तो गिळतो. आमच्या समोर एक मुलगा बसला होता, बहुतेक साताऱ्याकडचा, बोलण्यावरून वाटलं. पायाशी एकच बॅग, तिला नायलॉनची दोरी बांधलेली. सुट्टीवर आला होता, कंपनीत रुजू व्हायची तारीख दोन दिवसांवर. त्याचा मेसेज आमच्या आधी आला. त्याने तो वाचला, फोन खाली ठेवला, परत उचलून वाचला. मग उठून टेबलाशी गेला आणि पिशवीतून कालचा निगेटिव्ह रिपोर्ट काढून पुढे धरला. टेबलावरच्या मुलीने मान हलवली. कालचा निगेटिव्ह, आजचा पॉझिटिव्ह, आणि दुबईसाठी मोजतात तो आजचा. त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही, कारण तेवढ्यात आमचे मेसेज आले आणि आम्हाला काउंटरची रांग गाठायची होती. तिकीट फुकट गेलं असणारच. रॅपिड टेस्टमुळे गेलेलं तिकीट परत मिळवून द्यायला मी स्वतः कितीतरी मेल लिहिलेत, आणि त्यांतून पैशाऐवजी बहुधा क्रेडिट नोटच मिळते.

ही विमानतळावरची रॅपिड टेस्ट मला तेव्हाही पटली नव्हती, आताही पटत नाही. साथ रोखायची तर कालची आणि आजची अशा दोन टेस्टपेक्षा एकच नीट केलेली पुरे होती, आणि घरापासून दीडशे-दोनशे किलोमीटर आलेल्या, बॅग बांधून सगळ्यांचा निरोप घेतलेल्या माणसाला सुटायच्या चार तास आधी परत पाठवायचं, तर त्याने जायचं कुठे याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुबईने ती काढून टाकली.

दुबईला उतरल्यावर पुन्हा एक स्वॅब, तो मात्र फुकट. मामीला आता सवय झाली होती. मान मागे टाकून, डोळे मिटून, देवळात प्रसाद घ्यावा तशी ती नाक पुढे करायची. काडी घालणारी फिलिपिनो मुलगी हसली.

परतीला ‘एअर सुविधा’. भारतात येणाऱ्याने हा फॉर्म आधी ऑनलाइन भरायचा, पासपोर्ट आणि रिपोर्ट पीडीएफ करून चढवायचा, चौदा दिवसांत कुठे कुठे होतात ते लिहायचं. त्यात सीट नंबरचाही रकाना होता. चेक-इन केल्याशिवाय सीट नंबर मिळत नाही, आणि एअर सुविधा भरल्याशिवाय चेक-इन होत नाही! परदेशातून रात्री फोन यायचे ते निम्मे याच रकान्याचे. मी तेव्हापासून तिकीट काढतानाच सीट घेऊन ठेवायला लागले, चारशे-पाचशे रुपये गेले तरी चालतील. मामेभावाच्या लॅपटॉपवर आमचे दोन्ही फॉर्म भरले, दोन-दोन प्रती काढल्या. तो म्हणाला, ‘ताई, फोनवर दाखव ना, कागद कशाला?’ फोनची बॅटरी नेमकी कुठे संपते ते मला माहीत होतं.

आम्ही दुबईत असतानाच मुंबईचा नियम बदलला. दुबईहून येणाऱ्या मुंबईकरांना सात दिवस घरात विलगीकरण. आणि महाराष्ट्रातल्या इतर ठिकाणच्या लोकांनी सार्वजनिक वाहन वापरायचं नाही, त्यांची जायची सोय त्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायची. आता डोंबिवली काय? रोज लाखो माणसं इथून मुंबईत जातात, पण कागदावर आम्ही ठाणे जिल्हा. आणि मामीच्या पासपोर्टवर मिरज, म्हणजे सांगली जिल्हा. टेबलावरच्या माणसाने दोघींचे पासपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘एकत्र आहात?’ हो म्हटलं. ‘मग जिल्हा दोन कसे?’

मामी म्हणाली, ‘ही माझी नणंदेची मुलगी. तिचं लग्न इकडे झालं.’

त्याने सासर-माहेर ऐकून घेतलं, हसू दाबलं, आणि दोघींनाही ठाण्याच्या यादीत टाकलं. बराच वेळ थांबावं लागलं. नाव, फोन, पत्ता, इमारतीचं नाव, मजला. नंतर एका टेम्पो ट्रॅव्हलरमधून कल्याण, उल्हासनगर, बदलापूरकडची आम्ही सात-आठ माणसं निघालो. ड्रायव्हरने मागच्या काचा उघड्या ठेवल्या होत्या, ऐरोलीच्या पुलावर मामीला थंडी वाजली.

मग सात दिवस घरात. महापालिकेच्या वॉर रूममधून रोज अकराच्या सुमारास फोन यायचा, एकाच मुलाचा. ‘ताई, ताप? खोकला? ऑक्सिजन किती?’ पहिल्या दोन दिवसांनंतर त्यानेच मामीची चौकशी करायला सुरुवात केली, ‘मिरजेच्या आजी काय म्हणतात?’ मामी पलीकडून ओरडायची, ‘सांग त्याला, जेवते, झोपते!’ जानेवारी लागला होता, तिसरी लाट जोरात होती, त्याच्या मागे इतर फोनचा गोंगाट वाढत चालला होता.

शेवटच्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली आणि मी त्याला रिपोर्ट पाठवला. तो म्हणाला, ‘झालं ताई, तुमची फाइल बंद.’ मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, ‘तुमचं तिकिटांचं ऑफिस आहे ना? पहिल्या दिवशी नोकरीच्या रकान्यात लिहिलंय. माझ्या भावाला कतारला नोकरी लागलीय. त्याला काय काय लागेल?’

कतारचं तेव्हा अजून वेगळंच होतं. एहतेराझ या त्यांच्या कोविड पोर्टलवर आधी नोंदणी, हॉटेलचं बुकिंग, सगळं निराळं. मी त्याला म्हटलं, आधी त्याच्या पासपोर्टचा फ्रंट-बॅक व्हॉट्सॲप कर, आणि कोणती लस घेतलीय ते विचार. दुपारी त्याने दोन फोटो पाठवले. मागच्या पानाचा फोटो हलला होता, तो परत मागवला.